नदीखोऱ्यातला बिनगाड्यांचा सायकल मार्ग

नदीच्या खोऱ्यातून, कधी पाण्याला चिकटून तर कधी शेतांच्या पलीकडून जाणारा, चढउतार जवळजवळ नसलेला आणि मोटारगाड्यांना बंदी असलेला लांब पल्ल्याचा सायकल मार्ग. मागच्या चाकाला पॅनियर (दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सामानाच्या पिशव्या) लावून, रोज चाळीस ते सत्तर किमी चालवत, गावोगाव मुक्काम करत जाणाऱ्या टूरिंगवाल्यांसाठी हे मार्ग असतात. शहरातल्या फुटपाथला लाल रंग मारून केलेला सायकल ट्रॅक वेगळा आणि हे वेगळं, आणि गावाकडचा "शांत रस्ता" हेही वेगळं. शांत रस्त्यावर तासाला चारच गाड्या जात असतील पण त्यातली एक ऐंशीच्या स्पीडने आली की दहा वर्षांच्या पोराला घेऊन तिथे जाता येत नाही, एवढा साधा हिशोब आहे.

खोरंच का, तर चढासाठी. ६२ किलोचा माणूस, १३ किलोची सायकल आणि १५ किलो सामान असं ९० किलो वजन धरा. ताशी १५ किमीने जाताना १ टक्का चढ असेल तर फक्त चढासाठी साधारण ३७ वॅट लागतात, तोच चढ ६ टक्के झाला की २२० वॅट. पहिला आकडा साठीतल्या काकूही दिवसभर काढतील, दुसरा काढायला रोजची प्रॅक्टिस लागते. सामान जड असलं तरी सपाटीवर फारसं जाणवत नाही, घाटात मात्र एकेक किलो बोलतो. म्हणून नदीकाठचे मार्ग घरच्या सगळ्यांना जमतात आणि डोंगरातले ठरावीक लोकांनाच.

आता गंमत अशी की यातले बरेचसे गाजलेले मार्ग सायकलसाठी बांधलेलेच नाहीत. ते आधीच्या कुठल्यातरी कामातून उरलेत. डॅन्यूब नदीत इंजिनाच्या बोटी यायच्या आधी काठावरून घोडे दोरखंडाने नावा ओढायचे, त्या घोड्यांच्या वाटेवरून आज जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत तीनशेच्या वर किमीचा मार्ग जातो, बराचसा गाड्यांशिवाय, युरोपातला सगळ्यात लोकप्रिय म्हणावा असा. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ ही बंद पडलेली रेल्वे लाइन १९७९ ते १९८६ मध्ये सायकल संघटनेच्या लोकांनी स्वतः राबून सायकल मार्ग केली, २१ किमी. वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही म्हणून जुन्या लाइन शक्यतो शंभराला एक-दोनच्या चढाने नेलेल्या असतात, मधे टेकडी आली तर कापून किंवा बोगदा काढून, आणि तो सगळा खर्च दीडशे वर्षांपूर्वीच कोणीतरी करून ठेवलेला असतो.

पण जागा उरली म्हणजे मार्ग झाला असं होत नाही, आणि इथे अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो कॅनॉलची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. हा पोटोमॅक नदीच्या काठाने जाणारा कॅनॉल, वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल म्हणजे जवळपास २९७ किमी. १८२८ मध्ये काम सुरू झालं, १८५० मध्ये संपलं. बाजूच्या वाटेवरून खेचरं बोटी ओढायची. १९२४ च्या पुरानंतर तो बंदच पडला आणि मग नुसती लांबच लांब मोकळी जागा राहिली. मोकळी सरळ जागा दिसली की काय सुचतं ते जगभर सारखंच, तिथे मोटारींसाठी रस्ता करायचा बेत झाला आणि वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखात त्याला पाठिंबाही दिला. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी पेपरला पत्र लिहून संपादकांना सांगितलं की माझ्याबरोबर हे सगळं अंतर पायी चला आणि मग ठरवा. मार्च १९५४ मध्ये ते खरंच चालले, कंबरलँडहून आठ दिवसांत, शेवटपर्यंत टिकलेले नऊच जण होते. पेपरने भूमिका बदलली, रस्त्याचा बेत मागे पडला आणि १९७१ मध्ये हा सगळा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आज त्याला कंबरलँडला पिट्सबर्गहून येणारा मार्ग जोडलाय आणि दोन्ही मिळून ५४० किमीच्या आसपास गाड्यांशिवाय जाता येतं. डग्लस तेव्हा चालले नसते तर तिथे आज कारचे हॉर्न असते.

याच्या उलट दक्षिण कोरियाचं. त्यांनी सरकारी पैशातून नवाच मार्ग केला, इंचॉनहून सोलमार्गे बुसानपर्यंत ६३३ किमी, २०१२ मध्ये सुरू. वाटेत लाल रंगाचे टेलिफोन बूथसारखे खोके आहेत, त्यात शिक्के असतात, आपल्या छोट्या पासपोर्टवर मारत जायचे आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं, पोरांना याचं जाम वेड आहे. पण हा मार्ग चार नद्या खोदून त्यावर बंधारे घालण्याच्या मोठ्या प्रकल्पाचा भाग होता आणि त्या प्रकल्पावर पर्यावरणवाल्यांनी सडकून टीका केली. माझं मत विचाराल तर नदीला हात न लावता जे होतं तेच खरं.

पुण्याच्या बाबतीत खोऱ्यांची कमतरता अजिबात नाही. मावळात पवना आणि इंद्रायणी, मुळशीत मुळा, वेल्ह्याकडे कानंदी आणि गुंजवणी, भोरकडे नीरा, सगळीकडे दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे भातखाचरांची सपाटी. सायकलवाले पहाटे साडेपाचला निघून पानशेत, पौड, पवनेपर्यंत जातात, मिसळ-चहा करून ऊन चढायच्या आत परत. पण हे सगळे गाड्यांचेच रस्ते आहेत, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्यावर काय रांगा लागतात ते पुण्यात सांगायची गरज नाही. लांब टूरिंगसाठी सलग, गाड्यांना बंदी असलेला नदीकाठचा मार्ग इथे आजतरी नाही.

खरी संधी पूर्वेकडे आहे असं मला वाटतं, जिथे कोणी टूरिंगला म्हणून जात नाही. संगमाच्या पुढे मुळा-मुठा दौंड तालुक्यात भीमेला मिळते तो सगळा पट्टा जवळजवळ सपाट, पुणे ते दौंड रेल्वेने ७५ किमी आणि तेवढ्यात उतार पन्नासेक मीटरचा. याच दिशेने खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कॅनॉल जातो. खडकवासला धरण १८७९ मधलं, १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तेही फुटलं आणि परत बांधलं. कॅनॉल शहरातून पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेट, हडपसर करत लोणी, उरुळी, यवत आणि पुढे थेट इंदापूरपर्यंत जातो, दोनशे किमीच्या आसपास. कॅनॉलचं पाणी आपोआप वाहत राहावं म्हणून त्याचा उतार किलोमीटरला काही सेंटिमीटर एवढाच असतो, म्हणजे कुठल्याही रेल्वेपेक्षा सपाट, आणि कडेला पाटबंधारेवाल्यांच्या जीपसाठी मुरमाचा रस्ता असतो. कागदोपत्री तो सार्वजनिक रस्ता नाही, तरी गावातले लोक सायकली-बाइकवरून सर्रास जातात, कडेला उसाचे फड, आवर्तन म्हणजे कॅनॉलला पाणी सोडलेलं असेल तर धुणी धुणाऱ्या बायका आणि पुलाच्या कठड्यावरून उड्या मारणारी पोरं.

आता खडकवासला ते फुरसुंगी असा २८ किमीच्या आसपासचा बोगदा काढून शहरातलं कॅनॉलचं पाणी त्यातून न्यायची योजना आहे, एक तर गळती-चोरीत पाणी जातं आणि दुसरं म्हणजे सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कॅनॉलची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. बोगदा झाला की वरचा कॅनॉल रिकामा होणार, म्हणजे धरणापासून हडपसरच्या पलीकडेपर्यंत सलग सपाट जमिनीची पट्टी. पोटोमॅकच्या काठी जो प्रश्न १९५४ मध्ये होता तोच इथे येणार आहे, आणि या पट्टीवर मोटार रस्ता केला तर असा पट्टा पुन्हा कधी मिळणार नाही. शहराच्या पोटातून गाड्या आड न येता सायकल चालवत खेड्यात पोचता येईल अशी दुसरी जागा पुण्यात मला तरी दिसत नाही.

मार्ग करायचाच तर काही गोष्टी इथल्या हवामानाने ठरतात. एकदम पात्रात नको, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो तसं मार्गाचं होईल, निदान निळ्या रेषेच्या, म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या बाहेर पाहिजे. रुंदी तीन मीटर तरी हवी, समोरून येणारी सायकल आणि पायी चालणारे दोघेही असतात. तोंडाशी खांब रोवायचे म्हणजे कार शिरत नाही, पण पॅनियरवाली सायकल आणि व्हीलचेअर अडली नाही पाहिजे. दौंडकडच्या काळ्या मातीवर मुरूम नीट दाबून घातला नाही तर जुलैत चिखल मडगार्डमध्ये बसून चाक फिरायचंच बंद होतं, काडीने खरवडत बसावं लागतं. आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, दौंडकडे जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. फ्रान्समध्ये लॉआर नदीकाठच्या मार्गावरही असंच, नदी वाहते पश्चिमेला पण समुद्राकडून वारा येतो म्हणून बरेच जण उलटे, नदीच्या वरच्या अंगाला चालवतात, उतार इतका थोडा की वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. इथे जाताना सायकलने आणि येताना दौंडहून रेल्वेने असं करता आलं तर प्रश्नच मिटला.

मुक्कामाचं म्हणाल तर फ्रान्समध्ये मार्गापासून पाच किमीच्या आतल्या लॉजना सायकलवाल्यांसाठी खास पाटी मिळते, अट अशी की सायकल ठेवायला कुलुपाची जागा आणि रिपेअरचं साहित्य पाहिजे. यवत-उरुळीकडे यातलं फार काही नवीन लागणार नाही, गावात पंक्चरवाला असतोच, जेवणाची घरं आहेत, देवळाच्या धर्मशाळा आहेत. पंक्चरवाला मात्र खरंच लागतो. कॅनॉलच्या कडेला वेड्या बाभळीचं रान असतं, छाटणी झाली की काटे मुरमात पडून राहतात आणि साध्या टायरमधून सरळ ट्यूबमध्ये घुसतात, म्हणून इकडे जाणाऱ्यांनी टायरच्या आत लायनर (काटा अडवणारी पट्टी) किंवा ट्यूबमध्ये सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घातल्याशिवाय निघू नये, दोन ट्यूब जास्तीच्या घ्याव्यात, आणि काटा दिसला तर हवा असेपर्यंत तो उपटू नये, पुढच्या गावापर्यंत तोच बूच म्हणून चालतो.