घरगुती ऑल-इन-वन इंकजेट प्रिंटर

प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स ही तिन्ही कामं एकाच डब्यात करणारं, शाईवर चालणारं आणि टेबलाच्या कोपऱ्यात मावणारं मशीन म्हणजे घरगुती ऑल-इन-वन इंकजेट प्रिंटर. झेरॉक्स हे खरं तर एका कंपनीचं नाव आणि त्यांची पद्धतही कोरड्या पावडरीची, शाईची नाही, पण महाराष्ट्रात कागदाच्या नकलेला दुसरा शब्द कोणी वापरत नाही म्हणून इथेही तोच ठेवलाय. या मशीनबद्दल सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मिक्सर किंवा इस्त्री न वापरता कपाटात ठेवली तर वर्षभरानेही तशीच चालते, इंकजेटचं बरोबर उलटं आहे, हे वापरलं तर टिकतं आणि ठेवून दिलं तर बिघडतं. आणि आपल्या घरातली छपाई तर हंगामी, म्हणजे जूनमध्ये ॲडमिशनची कागदपत्रं, मध्येच पोरांचा प्रोजेक्ट, गणपतीत आरत्यांची पानं, कुणाचं लग्न ठरवायचं असलं की बायोडाटा, आणि मग तीन महिने काहीच नाही. बहुतेक तक्रारी या मधल्या तीन महिन्यांतून येतात.

शाई कागदावर येते कशी

शाई सोडणारा भाग, म्हणजे हेड, कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावतो, कागद खालून थोडा थोडा पुढे सरकतो आणि हेडच्या खालच्या अंगाला जी बारीक भोकं असतात, ज्यांना नोझल म्हणतात, त्यातून शाईचे थेंब सुटतात. हे थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एका मिलिलिटरमध्ये एक अब्ज पिकोलिटर, आणि घरगुती प्रिंटरचा सगळ्यात छोटा थेंब दोन-तीन पिकोलिटरचा, यावरून नोझल केवढं बारीक असेल आणि शाई सुकली की किती पटकन बुजेल याचा अंदाज येतो.

थेंब बाहेर ढकलायच्या दोन पद्धती आहेत. एचपी आणि कॅननच्या प्रिंटरमध्ये प्रत्येक नोझलमागे इवलासा हीटर असतो, तो काही मायक्रोसेकंदांत साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, तिथल्या शाईची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. एप्सन आणि ब्रदरमध्ये उष्णता नाही, तिथे वीज दिली की आकार बदलणारा पिझो पदार्थ असतो आणि तो शाईला दाबतो.

कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांना शाईचा बारीक फवारा मारून आलेख काढायच्या यंत्राचं अमेरिकन पेटंट १९५१ मध्ये मिळालं, आणि शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर बनवणारे इंजिनिअरही हेच. एचपीचा थिंकजेट १९८४ साली आला, कॅननचा पहिला बबलजेट १९८५ ला, आणि घराघरात पोचलेल्या डेस्कजेट मालिकेची सुरुवात १९८८ ची. प्रिंटसोबत फॅक्स आणि कॉपी एकाच मशीनमध्ये देणारा ऑफिसजेट एचपीने १९९४ मध्ये काढला, आजच्या ऑल-इन-वनचा तो पूर्वज, नंतर घरगुती मॉडेलमधून फॅक्स गळून पडला आणि स्कॅनरची काच राहिली.

कार्ट्रिज की टाकी

दुकानात दोन जाती दिसतात. एक कार्ट्रिजवाली, साधारण तीन ते पाच-सहा हजारांत मिळणारी. दुसरी टाकीवाली, बाजूला चार पारदर्शक टाक्या आणि बाटलीने शाई ओतायची, ती साधारण दहा ते पंधरा हजारांत. सगळा घोळ इथेच होतो, कारण माणूस मशीनची किंमत बघतो आणि खर्च तर शाईत आहे. छोटी कार्ट्रिज शंभर-सव्वाशे पानं देते आणि तिची किंमत भागिले पानं केली तर काळं पान पाच-सात रुपयांच्या घरात जातं, जे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या दरापेक्षा जास्त आहे. रंगीत कार्ट्रिजचं अजून एक, तिच्या पोटात तीन रंगांचे तीन स्पंज असतात आणि त्यातला एक रंग संपला, समजा पोरीने प्रोजेक्टसाठी निळंशार आकाश छापलं, तर बाकीचे दोन शिल्लक असूनही अख्खी कार्ट्रिज बदलावी लागते. टाकीवाल्यात ही अडचण नाही, जो रंग संपला तोच भरायचा. एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या बाटलीवर कंपनी ४५०० पानं सांगते, म्हणजे पान पैशांत पडतं, रुपयांत नाही.

टाकीचा जन्मही आपल्यासारख्याच बाजारातला. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्त शाई वापरायला लागले होते, आपल्याकडेही इंजेक्शनच्या सिरिंजने कार्ट्रिज भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली होतीच, तर लोक जे जुगाड करतायत ते आपणच नीट करून द्यावं असं एप्सनने ठरवलं आणि २०१० मध्ये पहिला टाकीवाला प्रिंटर इंडोनेशियात आणला, मग भारतातही आला, मागोमाग कॅनन, ब्रदर आणि एचपी सगळेच उतरले.

पाकिटावर छापलेली पानांची संख्या मात्र जपून वाचावी. ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ठरलेल्या नमुना पानांवर, सलग छापून मोजलेली असते. घरी आपण आठवड्यातून दोन पानं छापतो आणि प्रिंटर मध्ये मध्ये स्वतःचं हेड साफ करायला शाई वापरतो, त्यामुळे घरची संख्या कमीच भरते. टाकीवाल्यात पहिल्यांदा नळ्या भरायला बरीच शाई जाते, म्हणून पहिला सेट लवकर संपला तर घाबरू नये.

माझं स्पष्ट मत सांगतो. महिन्याला दहासुद्धा पानं निघत नसतील तर इंकजेट घेऊच नका, दुकानातून प्रिंट काढा, किंवा फक्त काळीच छपाई लागत असेल तर छोटा लेझर बघा कारण टोनर पावडर असते, ती सुकत नाही. घरात शाळकरी पोरं आहेत, कोणी क्लास घेतं, रोज काही ना काही निघतं, तिथे टाकी. मधल्या लोकांना कार्ट्रिजवाला चालतो, आणि त्याचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: त्या स्वस्त मॉडेलमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं, त्यामुळे शाई सुकून हेड गेलं तरी नवी कार्ट्रिज टाकली की हेडही नवं. एप्सनच्या टाकीवाल्यात हेड मशीनमध्येच पक्कं बसवलेलं असतं, ते गेलं तर दुरुस्ती महाग पडते. कॅनन आणि एचपीच्या टाकीवाल्या बऱ्याच मॉडेलमध्ये हेड वेगळं मिळतं आणि बदलता येतं.

नोझल, शिरोरेखा आणि रविवारचं एक पान

हेड आडवं धावतं, म्हणजे एक नोझल एका फेरीत एक आडवी ओळ भरतं, आणि ते बुजलं तर बरोबर तेवढी आडवी रेघ पांढरी राहते. इंग्रजी मजकुरात ही रेघ पटकन लक्षात येत नाही. देवनागरीत मात्र ती नेमकी शिरोरेखेवर आली की अख्ख्या ओळीची शिरोरेखा पुसट होते किंवा गायबच होते, ड्राफ्ट मोडमध्ये, म्हणजे कमी शाईच्या घाईच्या छपाईत, तर फारच. आणि हेडचं अलाइनमेंट बिघडलं असेल तर काना सरळ न येता मध्येच तुटल्यासारखा, नागमोडी दिसतो, कारण हेड जाताना आणि येताना छापलेले तुकडे एकाखाली एक बसत नाहीत. म्हणून मराठीतलं एक भरगच्च पान छापून बघणं ही प्रिंटरची चांगली तपासणी आहे, शिरोरेखा गेली तर नोझल, काना वाकडा आला तर अलाइनमेंट.

नोझल बुजलं तर आधी नोझल चेकचं पान काढायचं, मग एकदा हेड क्लीनिंग, परत चेक. लोक इथे घाईला येतात आणि एकापाठोपाठ आठ-दहा वेळा क्लीनिंग मारतात, ते चूक आहे, कारण प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते आणि ती जाते मशीनच्या तळातल्या स्पंजात. दोन-तीनदा करून फरक पडला नाही तर मशीन बंद करून रात्रभर सोडावं आणि सकाळी परत बघावं, बऱ्याचदा तेवढ्यात सुकलेली शाई मऊ पडते. पण मुळात ही वेळ येऊ नये म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान, चारही रंग असलेलं, काढलं की झालं. आमच्याकडे रविवारी शब्दकोडं नाहीतर रांगोळीचं डिझाइन निघतं, पोरं ते रंगवतात आणि नोझल मोकळी राहतात.

दुसरी सवय बटणाची. प्रिंटर त्याच्या बटणानेच बंद करायचा, भिंतीवरचा स्विच नंतर. बटण दाबल्यावर हेड उजव्या कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल झाकली जातात, थेट स्विच ओढला तर हेड उघडं राहू शकतं. लाइट जातात त्या गावात हे जास्त महत्त्वाचं, छापताना वीज गेली तर हेड जिथे असेल तिथेच थांबतं, म्हणून वीज आली की आधी मशीन चालू करून हेड जागेवर जाऊ द्यावं. छापताना इंकजेट दहा-पंधरा वॉटच्या आसपासच खातो त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, लेझरचं तसं नाही, तो तापायला शेकड्यांनी वॉट ओढतो.

स्कॅनर

लोक प्रिंटर म्हणून विकत घेतात पण स्कॅनर हा या डब्याचा जास्त टिकणारा अर्धा भाग आहे, असं मला वाटतं. त्याला शाई लागत नाही, तो सुकत नाही. फक्त खरेदीआधी एक विचारून घ्यावं, काही मॉडेल शाई संपल्यावर स्कॅनसुद्धा अडवतात.

स्वस्त मशीनमध्ये सीआयएस नावाचा सेन्सर असतो, काचेला जवळजवळ चिकटून धावणारी पट्टी. तो काचेवर सपाट ठेवलेलं तेवढंच नीट बघतो, कागद थोडा वर उचलला गेला की धूसर. म्हणून जाड पुस्तकाच्या शिवणीकडची अक्षरं काळवंडतात आणि सुरकुतलेले जुने फोटो कडेला पुसट येतात, झाकणावर हलकं वजन ठेवलं तर फरक पडतो. ऑनलाइन फॉर्मला फाइल अमुक केबीच्या आत मागतात तिथे १५० ते २०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके) पुरे, मजकूर नंतर ओसीआर करायचा असेल, म्हणजे चित्रातली अक्षरं टाइप केल्यासारखी मिळवायची असतील, तर ३००, आणि आजोबांचा लग्नातला फोटो असेल तर ६००, तो परत परत काचेवर घासायची वेळ येऊ नये. मराठी ओसीआर आता बऱ्यापैकी होतो, गूगल डॉक्समध्ये आणि टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे, पण स्कॅन तिरका असेल तर दोन्ही गोंधळतात. काच ए४ मापाचीच असते. जुनी खरेदीखतं लीगल मापाची, लांब, ती दोन तुकड्यांत स्कॅन करावी लागतात आणि प्रत्येक तुकड्यात थोडा मजकूर सामाईक ठेवला तर पुढच्या माणसाला जुळवता येतं.

कागद, पावसाळा आणि बाकीचं

घरी ७० किंवा ७५ जीएसएमचा ए४ कागद वापरतात, रिममध्ये ५०० पानं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा कागद हवेतलं पाणी पितो, कडा वळतात, दोन-तीन पानं एकदम आत जातात आणि मग जॅम. उघडी रिम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावी, ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं ठेवावी आणि ठेवण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फिरवून मोकळा करावा. विदर्भात मेमध्ये उलटा त्रास, कोरड्या गरम हवेत शाई लवकर सुकते, प्रिंटर खिडकीच्या उन्हात नको. मागच्या उभ्या ट्रेमध्ये पेन्सिल, क्लिप, कधी झुरळसुद्धा पडतं, तिथे एखादं फडकं झाकून ठेवलं तर अर्धे जॅम टळतात. अडकलेला कागद ओढताना सावकाश, दोन्ही हातांनी, फाटलेला तुकडा आत राहिला तर तोच पुढचा जॅम करतो.

स्वस्त मॉडेलमध्ये पाठपोट छपाई आपोआप होत नाही. आधी विषम पानं छापायची, गठ्ठा उलटून परत घालायचा, मग सम पानं. गठ्ठा कसा उलटायचा हे मॉडेलप्रमाणे बदलतं म्हणून पहिल्यांदा दोनच पानांवर करून बघावं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढून ठेवावा.

शाईतही फरक आहे. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते, ती पाण्याने फारशी फुटत नाही. रंगीत शाई मात्र डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, आणि एप्सनच्या एल ३११० सारख्या मॉडेलमध्ये काळीही डायचीच, तिच्यावर पावसाचे चार थेंब पडले की अक्षर पसरतं. त्यामुळे ऑफिसात द्यायच्या कागदांना पावसाळ्यात प्लास्टिकचं फोल्डर हवंच. फोटोला तर डायच चांगली, ग्लॉसी कागदावर रंग खुलतात. ४ बाय ६ इंचाच्या एका कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसतात, फक्त प्रिंट सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ग्लॉसी निवडायला विसरू नये, नाहीतर शाई साध्या कागदाच्या हिशोबाने पडते आणि फोटो मळकट येतो. कापण्याआधी नीट वाळू द्यावेत.

मोबाइलवरून प्रिंट देताना दोन गोष्टी अडतात. एक, बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात, राउटर ५ वर असेल तर सेटअप होता होत नाही. दुसरी मराठी फॉन्टची, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून छापली की फॉन्टअभावी भलतीच अक्षरं येतात, म्हणून जिथे टाइप केलं तिथेच पीडीएफ करून घ्यावी.

क्लीनिंगमध्ये वाया गेलेली शाई तळातल्या स्पंजात साठते आणि प्रिंटर तिचा हिशोब ठेवतो. तो ठरावीक आकड्यावर पोचला की मशीन एरर दाखवून थांबतं, लोकांना वाटतं प्रिंटर मेला, पण बऱ्याचदा स्पंज बदलून काउंटर रिसेट केला की परत सुरू होतो. नुसता काउंटर रिसेट करून स्पंज तसाच ठेवला तर एक दिवस शाई टेबलावर येते. काही नव्या मॉडेलमध्ये हा स्पंज वेगळ्या डब्यात असतो आणि घरीच बदलता येतो. आणि घर बदलताना टाकीवाला प्रिंटर आडवा-तिडवा टेम्पोत टाकू नये, टाक्यांची झाकणं घट्ट लावून, सपाट धरून, मांडीवर नेला तरी चालेल.