जुन्या कमोडचं माप घेऊन नवा बसत नाही

"जुन्याची लांबी-रुंदी मोजा, तेवढाच नवा आणा, बसतोच." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. मोजायचं ते ड्रेनेजचं तोंड. पाइप जमिनीत जात असेल (एस-ट्रॅप), तर मागच्या भिंतीपासून तोंडाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. टेप भिंतीच्या टाइल्सला टेकवा, स्कर्टिंगला (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला) नाही; टाकी स्कर्टिंगच्या वर असते आणि तेवढ्या जाडीनेही माप चुकतं. पाइप भिंतीत जात असेल (पी-ट्रॅप), तर जमिनीपासून मध्याची उंची घ्या.

एस-ट्रॅपमध्ये भिंतीपासून ३०० मिमी अंतरासाठी बनवलेला कमोड २२५ मिमीवर आणलात, तर टाकी आधीच भिंतीला टेकते, भांडं तोंडावर पोचतच नाही. उलट केलंत तर मागे ७५ मिमीची फट राहते. आणि हो, शक्य असेल तर जुनं भांडं काढूनच मोजा.