प्राथमिक आरोग्यसेवा संशोधनाचे अहवाललेखन

प्राथमिक आरोग्यसेवा संशोधनाचे अहवाललेखन : फॅमिली डॉक्टरचा दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा रुग्णाचे घर येथे मिळणाऱ्या आरोग्यसेवेवरील संशोधन शोधनिबंधात मांडण्याची पद्धत. संशोधन कसे करावे हा निराळा विषय. येथे प्रश्न एवढाच, की झालेले काम वाचणाऱ्या डॉक्टरला पुरेसे कळते का. २०२३ मध्ये ‘ॲनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्प’ निवेदन, म्हणजे निबंधात काय काय सांगावे याची यादी, खास या क्षेत्रासाठी आहे.

वेगळ्या नियमांची गरज का पडली, हे केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या आकड्यांवरून कळते. ब्रिटन व अमेरिकेतील माहितीवरून त्यांनी काढलेला अंदाज असा : १,००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत अवघा एक पोचतो. वैद्यकीय ज्ञानाचा मोठा भाग मात्र त्या एकाला पाहून तयार झालेला.

याचा परिणाम साध्या गणितातून दिसतो. समजा, एखादी तपासणी आजारी व्यक्तींपैकी ९० टक्क्यांना अचूक ओळखते आणि निरोगींपैकी ९० टक्क्यांना अचूक वगळते. रुग्णालयात शंभरात ४० जणांना तो आजार असेल, तर तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के खरोखर आजारी निघतील. दवाखान्यात हे प्रमाण शंभरात दोन असेल, तर तीच तपासणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जेमतेम १६ टक्के खरे रुग्ण असतात. बाकीच्यांना उगाच घोर लागतो. म्हणून रुग्ण आपणहून आले होते की कुणी रेफर केलेले होते, हे निबंधात नसेल तर टक्केवारी कितीही काटेकोर असो, दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला तिचा उपयोग नाही.

अहवाललेखनाचे सर्वसाधारण संकेत आधीपासून आहेत. यादृच्छिक चाचण्यांसाठी (कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या) ‘कॉन्सॉर्ट’ १९९६ मध्ये आले, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी ‘स्ट्रोब’ २००७ मध्ये. असे संकेत एकत्र आणणारे ‘इक्वेटर’ हे जाळे २००८ मध्ये सुरू झाले. तरीही उपचार नेमका काय दिला, हेच पुष्कळदा गुलदस्त्यात राहते. टॅमी हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये औषधाविना केलेले १३७ उपचार तपासले. मूळ निबंधावरून नीट समजतील असे फक्त ३९ टक्के निघाले. ‘आहाराबाबत समुपदेशन केले’ या वाक्यावरून कोणी, किती वेळ, कोणत्या भाषेत, कितीदा केले, यातले काहीच कळत नाही. प्राथमिक सेवेत गोळ्यांइतकाच भर बोलण्यावर असल्याने ही त्रुटी तेथे अधिक जाचते.

विल्यम फिलिप्स आणि सहकाऱ्यांच्या क्रिस्प निवेदनात २४ मुद्दे आहेत. अभ्यास प्राथमिक सेवेतला असल्याचे शीर्षक वा सारांशातच सांगणे, सेवा देणाऱ्या चमूत कोण कोण होते ते लिहिणे, रुग्णांना एकाच वेळी असलेले अनेक आजार नोंदवणे, रुग्ण आणि सेवा देणारा यांच्यातील संबंधाचे वर्णन करणे, संशोधनात रुग्णांचा व समाजाचा सहभाग कसा होता ते सांगणे, हे त्यांतले काही. यांतला संबंधाचा मुद्दा सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. वीस वर्षे घरातल्या सगळ्यांना ओळखणाऱ्या डॉक्टरचा सल्ला आणि अनोळखी डॉक्टरचा तोच सल्ला, कागदावर सारखाच दिसतो. प्रत्येक मुद्दा प्रत्येक अभ्यासाला लागू होत नाही आणि क्रिस्प इतर संकेतांची जागाही घेत नाही. ते त्यांच्या जोडीने वापरायचे आहे.

महाराष्ट्रातील चांगले उदाहरण क्रिस्पच्या बऱ्याच आधीचे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निबंधानुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनेटॉलॉजी’च्या पुरवणीत या कामाचे तपशील लेखमालेतून मांडले गेले. दुसऱ्या जिल्ह्यात तसेच काही उभारू पाहणाऱ्याला नुसता ६२ हा आकडा पुरत नाही. गावातल्या आरोग्यदूत बाईने नेमके काय केले, ते हवे असते.

आपल्याकडे शब्दच घोटाळा करतात. ‘प्राथमिक’ म्हटले की मनात सरकारी पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, येते. निकषाप्रमाणे ती सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक असते. पण तापाचा रुग्ण बहुधा आधी नाक्यावरच्या खासगी दवाखान्यात जातो. तेथे बसणारे डॉक्टर एमबीबीएस असतील, बीएएमएस असतील किंवा बीएचएमएस. ‘प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांचा अभ्यास’ असे नुसते लिहिलेल्या निबंधात यांपैकी कोण होते, हे वाचकाने ओळखायचे कसे?