मिनिटाला सहा श्वास

धारूर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या सभामंडपात आम्ही बारा-तेराजणी बसलो होतो. एप्रिल संपत आला होता. साखर कारखान्यांचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या होत्या. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि सुट्टीत इथे येऊन बायकांसोबत थोडी आसनं, थोडा प्राणायाम करते. त्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, पोटावर हात ठेवा आणि श्वास सावकाश सोडा. खांबाला टेकून बसलेली एक अक्का म्हणाली, "ताई, डोक्यावर मोळी अन् पायाखाली फळी. तवा श्वास कवा घ्यावा अन् कवा सोडावा?"

उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईच्या या प्रश्नाचं अर्धं उत्तर शरीरात आहे. आधी तेवढं सांगते.

मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि शांत बसा. श्वास आत घेताना नाडी जरा घाई करते, सोडताना रेंगाळते. तरुण माणसात हा फरक चांगला कळतो. हृदयाला स्वतःची लय असते. मोकळं सोडलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. बसल्या जागी आपले ७०-७५ पडतात, कारण मेंदूच्या बुडापासून निघून छाती-पोटात उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला आवरून धरतो. बैलाच्या कासऱ्यासारखंच हे काम. श्वास घेताना कासरा सैल पडतो, सोडताना ताणला जातो. म्हणून उच्छ्वास लांबवला की हृदय सावकाश होतं.

हा कासरा कशाचा बनलेला आहे, हे १९२१ साली ऑटो लोवी यांनी दाखवलं. त्यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. पहिल्याचा व्हेगस चेतवला, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. मज्जातंतू रसायनातून निरोप देतात हे त्यातून कळलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया करताना शरीरात काय घडतं ते यंत्रांनी मोजायला घेतलं. योगाकडे असं तपासून बघणं मला फार मोलाचं वाटतं.

मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत रक्ताचा दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला आवरतो. या फेऱ्याला साधारण दहा सेकंद लागतात. श्वासही दहा सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला सहा, की दोन्ही लयी जुळतात आणि दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणवून घेतले. दोन्हींनी श्वास आपोआप सहाच्या आसपास आला. जात्यावर बसलेल्या बाईचा श्वासही ओवीची ओळ संपेपर्यंत सुटत राहतो. गंगाखेडच्या जनाबाईंच्या या मुलखात लांब उच्छ्वास काही बाहेरून आणावा लागत नाही.

आता मोळी. ३०-४० किलोंचा भार उचलताना माणूस नकळत श्वास कोंडतो. गळा बंद, पोट ताठ. त्यानं कणा क्षणभर सावरला जातो खरा, पण रक्तदाब एकदम चढतो आणि सगळा जोर ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर येतो. गर्भाशय, मूत्राशय यांना तेच स्नायू तोलून धरतात. म्हणून अक्काला मी म्हणाले, "उचलताना सोडा. फळी चढतानाही कोंडू नका." तिनं रिकामी घागर उचलून दोनदा करून पाहिलं. मग म्हणाली, "माजी पिशवी तर सव्वीसाव्या वर्षीच काढली."

उत्तराचा दुसरा अर्धा भाग इथे सुरू होतो. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता'. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती फेडायला पहाटेपासून उसाच्या फडात. एक दिवस पडून राहिलं की खाडा, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड. कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीत कापड धुवायलाही आडोसा नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं, दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते आणि पिशवी काढून टाकली जाते. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीसमोर आलेले बीड जिल्ह्याचे आकडे असे : पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी थांबतं, हाडं लवकर विरळ होतात, झोप उडते, अंगातून वाफा निघतात. विशी-तिशीतल्या बाईला हे सगळं, आणि पुढल्या दसऱ्यानंतर पुन्हा फड.

अन्याय शरीरात कसा उतरतो, याचा अभ्यास दूरदेशीही झाला आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांची पाहणी १९६७ साली सुरू झाली, मायकेल मार्मट यांच्या कामामुळे ती जगाला माहीत झाली. सगळे पगारदार, उपाशी कुणीच नाही. तरी सर्वांत खालच्या पायरीवरच्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण वरच्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशोब वजा केला तरी बराच फरक उरला. धोका दिसला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, रक्तात साखर येते, हृदय धावतं. साप दिसला तर हे उपयोगी आहे. पण मुकादमाचा फोन, न फिटलेलं कर्ज, मागे ठेवलेली मुलं यांचा धोका दहा मिनिटांत टळत नाही. ब्रूस मॅकइवेन यांनी शरीराच्या या सततच्या झिजेचा सिद्धांत १९९३ साली मांडला. धमन्या, पोटावरची चरबी, स्मरणशक्ती, सगळीकडे ती झीज पोचते.

मग मी या बायकांना श्वास कशाला शिकवते? कारण रात्री झोप लागणं हाही त्यांचा हक्क आहे. आणि पुरावा आहे तेवढाच मी सांगते. जुनाट कंबरदुखीवरच्या १२ चाचण्या, १,०८० माणसं, यांचा एकत्र आढावा २०१७ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं घेतला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांची हालचाल थोडी ते मध्यम सुधारली. दुखण्यातला फरक मात्र लहानच होता. गेलेला इस्ट्रोजेन कुठल्याही आसनानं परत येत नाही. त्याला डॉक्टर हवा, औषध हवं. कोपीजवळ संडास न बांधता 'ताण घेऊ नका' असं सांगायला येणाऱ्या शिबिरांचा मला मनापासून राग येतो. त्यातून बाईच्या मनात ठसतं, दुखणं तिच्याच चुकीनं आलं.

आणखी एक. रक्तदाब असेल, काचबिंदू असेल, दिवस गेले असतील तर कपालभाती आणि श्वास रोखून धरणं टाळा. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं पुरे. चक्कर आली तर थांबा.

त्या दिवशी अक्कानं पाच मिनिटं केलं. शेवटी तिचे खांदे कानांपासून खाली आले होते. डोळे उघडून तिनं पदराच्या गाठीतून मोबाईल काढला. पडद्यावर मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो होता.

"माजे खाडे किती लावलेत, वाचून सांगा बरं."

मी बोट फिरवत मोजले. सतरा.

"म्या अकराच केले," ती म्हणाली. "पुन्यांदा मोजा. सावकाश."