अमानवी प्रेमकादंबरी

तरुण वाचकांसाठी लिहिला जाणारा कादंबरीचा एक प्रकार. यातील प्रेमिकांपैकी एक सोळा-सतरा वर्षांचा हाडामांसाचा माणूस असतो, तर दुसरा भूत, पिशाच, यक्ष किंवा मरूनही परत आलेला जीव असतो. ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ हे इंग्रजी नावही मराठी वाचकांना परिचयाचे आहे. भयकथेत ज्याच्यापासून पळायचे, त्याच्याच ओढीने येथे नायिका घराबाहेर पडते. त्यामुळे भय हा या कथेचा शेवट नसून आरंभ असतो.

इंग्रजीत १८१९ मध्ये जॉन पॉलिडोरी यांच्या कथेने रक्तपिपासू पिशाचाला देखण्या उमरावाचे रूप दिले. शाळकरी मुलगी आणि असा तरुण यांच्या प्रेमाची अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयर यांची कादंबरी २००५ मध्ये आली आणि हा प्रकार जगभर पसरला. कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. मर्त्य पुरूरवा आणि अप्सरा उर्वशी यांचा ताटातुटीचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. महाभारताच्या आदिपर्वात लग्नाआधीच सर्पदंशाने मेलेल्या प्रमद्वरेला रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन परत मिळवतो. या प्रकाराचा मूळ नियम रुरूच्या कथेत स्वच्छ दिसतो : मृत्यूची सीमा ओलांडता येते, पण तिची किंमत आयुष्याच्या वर्षांत मोजावी लागते. ज्या कादंबरीत ही किंमत कोणीच देत नाही, ती कितीही गोड असली तरी लवकर विसरली जाते.

अशा कथेसाठी लेखक पुष्कळदा पॅरिससारखे प्रेमिकांचे म्हणून ओळखले जाणारे शहर निवडतात. नदीकाठचे दिवे आणि पूल हे त्याचे वरवरचे कारण झाले. पॅरिसमधील जुन्या दफनभूमींतील अस्थी १७८६ पासून जमिनीखालच्या दगडाच्या खाणींत हलवण्यात आल्या. सुमारे ६० लाख माणसांच्या या अस्थींपैकी मांडीची हाडे आणि कवट्या एकावर एक रचून तेथे भिंती उभारलेल्या आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर शहराची नेहमीची वर्दळ चालते. १८०४ मध्ये सुरू झालेल्या पेर लाशेज दफनभूमीत एलोईज आणि आबेलार या बाराव्या शतकातील प्रेमिकांचे अवशेष १८१७ मध्ये एकत्र आणले गेले. जेथे मेलेले आणि प्रेमात पडलेले असे एकाच वस्तीत राहतात, तेथे परतून आलेला तरुण कोपऱ्यावर भेटला तर वाचकाला ते खोटे वाटत नाही.

या कादंबऱ्यांची नायिका अनेकदा आई-वडिलांना गमावून नव्या शहरात आलेली असते. मरण पाहिलेल्या मुलीला मरणापलीकडून कोणी हाक मारतो, यात निव्वळ स्वप्नरंजन पाहणे अन्यायाचे आहे, कारण कोवळ्या वयातल्या दुःखाला इतक्या थेट भिडणारे लेखन थोडे असते. तथापि शेकडो वर्षे जगलेला नायक झोपलेल्या मुलीवर रात्रभर पहारा ठेवतो आणि त्याला काळजी म्हटले जाते, यावरचा आक्षेप रास्त आहे. ‘नको’ म्हणण्याचा नायिकेचा हक्क अबाधित राहतो, तीच कादंबरी खरी प्रेमकथा ठरते.

मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा व गूढकथा समृद्ध केली, परंतु शाळा संपत आलेल्या वयासाठी अमानवी प्रेमकथा क्वचितच लिहिली गेली. भाषेत मात्र तिची तयारी आहे. कोल्हापूर-सातारा भागात भुताने झपाटण्याला ‘लागीर होणे’ म्हणतात आणि जीव जडण्यालाही तोच शब्द चालतो. विहिरीकाठी शेंदूर लावून पुजल्या जाणाऱ्या साती आसरा या जलदेवता तरुणांना पाण्यात ओढतात, ही समजूत गावोगावी आहे.

कोल्हापूर शहराकडे या दृष्टीने पाहिले, तर रंकाळा तलाव प्रथम डोळ्यांपुढे येतो. पॅरिसच्या अस्थी खाणींत आहेत. रंकाळ्याच्या जागीही पूर्वी दगडाची खाण होती, असे परंपरा सांगते. पावसाळ्यात तलाव भरला की त्यातील दगडी संध्यामठ पाण्यात बुडतो आणि पाणी ओसरले की पुन्हा उघडा पडतो. संध्याकाळी काठावर फिरायला आलेली जोडपी त्याच्याकडे पाहत बसतात. मर्त्य आणि अमर यांच्या प्रेमात अखेर आड येतो तो काळ, आणि तो मोजण्याचे मापही याच काठावरच्या लोककथेत आहे : येथील नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तलावाकडे सरकतो, तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय होईल.