आयातशुल्काकडून परवान्याकडे : अमेरिका-चीन तणावाची पार्श्वभूमी

कोरियन युद्धात चिनी फौजा उतरल्यावर डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ही बंदी जून १९७१ मध्ये उठवली, म्हणजे त्यांच्या बीजिंगभेटीच्या आधीच. सोव्हिएत संघाला शह देणे हा त्यामागचा मुख्य हिशेब होता. १ जानेवारी १९७९ ला राजनैतिक संबंध जुळले आणि १९८० मध्ये चीनला ‘सर्वाधिक पसंतीच्या देशा’चा दर्जा (म्हणजे इतर व्यापारी भागीदारांइतकेच कमी आयातशुल्क) मिळाला, मात्र त्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागे. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकातील आंदोलन चिरडले गेल्यानंतर अमेरिकेने चीनला होणारी शस्त्रविक्री थांबवली, पण दर्जा काढला नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९३ मध्ये तो मानवी हक्कांशी जोडला आणि वर्षभरातच ती अट सोडून दिली. चीन ११ डिसेंबर २००१ ला जागतिक व्यापार संघटनेत आला, दर्जा कायमचा झाला आणि दरवर्षी दबाव आणण्याची अमेरिकी संसदेची सोय संपली.

जुलै २०१८ मध्ये ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क बसले. मथळे त्याचेच झाले. खरे वळण मे २०१९ चे मानावे लागेल, कारण तेव्हा ह्वावे ही चिनी दूरसंचार कंपनी अमेरिकेच्या ‘एंटिटी लिस्ट’मध्ये गेली; या यादीतल्या कंपनीला अमेरिकी माल विकायला सरकारी परवाना लागतो. शुल्काने माल महागतो, परवाना अडला तर माल येतच नाही.

या यादीत एक फट होती. अमेरिकेबाहेर बनलेली चिप ह्वावेला बहुतांशी मिळतच राहिली. म्हणून मे २०२० मध्ये नियम बदलला : अमेरिकी सॉफ्टवेअर किंवा यंत्रे वापरून ह्वावेच्या आराखड्यानुसार चिप बनवली, तर कारखाना तैवानमध्ये असला तरी अमेरिकेचा परवाना लागेल. ऑगस्टमध्ये ह्वावेने इतरांकडून घेतलेल्या तयार चिपाही त्यात आल्या. ७ ऑक्टोबर २०२२ ला नियंत्रण एका कंपनीवरून साऱ्या देशावर गेले. प्रगत लॉजिक चिप (गणना करणाऱ्या), १८ नॅनोमीटर किंवा त्याखालच्या डीरॅम (तात्पुरती मेमरी) आणि १२८ किंवा अधिक थरांच्या नँड (कायम साठवणारी) मेमरी बनवणाऱ्या चिनी कारखान्यांना यंत्रसामग्री देणे परवान्याखाली आले.

चीनने हाच धडा आपल्या खनिजांवर गिरवला. ऑगस्ट २०२३ पासून चिप व इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागणाऱ्या गॅलियम व जर्मेनियम या धातूंच्या निर्यातीला परवाना लागू झाला. ४ एप्रिल २०२५ ला डिस्प्रोसियम, टर्बियम, समेरियमसह सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासूनचे चुंबक त्यात आले. विजेच्या मोटरमधला ताकदीचा निओडिमियम चुंबक तापला की त्याची चुंबकशक्ती घटते. डिस्प्रोसियम किंवा टर्बियम थोड्या प्रमाणात मिसळल्यास ती मोटरच्या उष्णतेतही टिकते. लढाऊ विमानांत समेरियम-कोबाल्ट चुंबक लागतात. लागणारे वजन किरकोळ असते, पर्याय मात्र चटकन सापडत नाही. परवान्याच्या अर्जात माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार हे द्यावे लागते. एका कागदावर प्रश्न निघाला की खेप अडकते. म्हणूनच काही आठवड्यांत मोटार कारखान्यांची उत्पादनसाखळी तुटू लागली.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने एंटिटी लिस्टमधल्या कंपन्यांची ५० टक्के वा अधिक मालकी असलेल्या उपकंपन्याही नियंत्रणाखाली आणल्या. ९ ऑक्टोबरला चीनने परदेशात बनलेल्या मालालाही परवाना लावण्याचे जाहीर केले. ठरावीक वस्तूंत चिनी दुर्मीळ मृदांचे मूल्य ०.१ टक्का असले तरी पुरे, अशी ती अट होती. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातील बुसान येथे झालेल्या ट्रम्प-शी जिनपिंग भेटीनंतर दोघांनी हे दोन्ही नियम वर्षभरासाठी स्थगित केले. एप्रिलची परवानापद्धत मात्र चीनने मागे घेतलेली नाही.