बुधवारचा वर्ग : घरच्यांसाठी माहिती

आमच्याकडून घरी मदतनीस घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे पत्रक देतो. आमचे मदतनीस ज्यांची काळजी घेतात ते सगळे दर बुधवारी सकाळी साडेदहा ते बारा आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत शिवण, गाणी, रांगोळी असं काहीतरी करायला जमतात. आम्ही त्याला ‘उपक्रम’ म्हणत होतो. येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी ‘वर्ग’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. येणाऱ्यांत पक्षाघातातून सावरणारे आहेत, कंपवात (पार्किन्सन) असलेले आहेत, विसरभोळेपणाच्या पलीकडे गेलेला स्मृतिभ्रंश असलेले आहेत आणि बौद्धिक अक्षमता असलेली दोन तरुण मुलंही आहेत.

सध्या एक वाकळ चालू आहे. प्रत्येकाने घरून एक जुनं सुती लुगडं किंवा धोतर आणलं. ते एकावर एक अंथरून मोठ्या टेबलावर ठेवलंय आणि चारही बाजूंनी माणसं बसतात. वाकळीचं बरं असतं, ती एकट्याची नसते. ज्यांचा उजवा हात चालत नाही ते डाव्या हाताने कापड ताणून धरतात, शेजारचा धावदोरा घालतो. टाका वाकडा गेला तर वाकडा. कोणाचं लुगडं, कधीचं, कोणत्या बाजारातलं, हे बोलणं आपोआप निघतं. (सुया आम्ही मोजून देतो आणि मोजूनच परत घेतो. ही काळजी तुम्ही करू नका.)

कोपऱ्यात एक छोटं जातं आहे. लहानपणी दळण केलेल्या आजी खुंट्याला हात लावतात, दोन फेरे होतात आणि ओवी सुरू होते. कधी कधी त्याच आजींना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसतं. स्मृतिभ्रंशात सहसा ताज्या आठवणी आधी जातात. हाताला आणि गळ्याला लागलेल्या सवयी पुष्कळदा त्यामानाने जास्त टिकतात. पक्षाघातानंतर शब्द सापडेनासे झालेली काही माणसंही गाण्याच्या ओळी म्हणू शकतात. ओवी आठवत नसेल तेव्हा आम्ही ध्वनिमुद्रणं लावतो. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत, त्यामुळे कमी पडत नाहीत.

कंपवाताच्या मंडळींसाठी टाळ आहेत. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले की ठेक्यावर पाऊल टाकणं अनेकांना सोपं जातं. अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये एका नृत्यसंस्थेने कंपवाताच्या रुग्णांसाठी २००१ मध्ये नाचाचे वर्ग सुरू केले. आपल्याकडे दिंडीची पावली आहेच.

रांगोळी टेबलावर, काळ्या फळ्यावर. फरशीवर नाही, कारण सांडलेल्या रांगोळीवरून पाय घसरतो. आश्विनात भोंडला होतो; ज्यांना उभं राहून फेर धरता येत नाही त्यांच्या खुर्च्या गोल मांडतो. खिरापत ओळखण्यात सगळ्यांत जास्त भांडणं होतात.

आता तुम्हाला एक विनंती, आणि ती जरा स्पष्टच करतो. हात त्यांचाच चालू द्या. बरोबर आलेल्या सूनबाई किंवा लेक मायेपोटी ठिपके जोडून टाकतात, नक्षी सुरेख होते आणि आई मांडीवर हात ठेवून बघत बसते. मग वर्ग कोणाचा झाला? आमच्या मावशींना आणि दादांनाही हेच शिकवलंय : ताटली घसरत असेल तर खाली ओलं फडकं घाला, ब्रशला स्पंज गुंडाळून मूठ जाड करा, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मग थांबा. थांबणं सगळ्यांत अवघड जातं.

बालवाडीसारखं ‘छान छान’ म्हणून टाळ्याही नकोत. ज्यांनी चाळीस वर्षं नोकरी केली त्यांना ते कळतं. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न तर नकोच. फोटो घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचारा. हा वर्ग आम्ही लाड म्हणून करत नाही, तो त्यांचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २९ वं कलम संस्कृती आणि करमणुकीचंच आहे.

येताना चष्मा, कानाचं यंत्र (सेल तपासून) आणि एक जादा कपड्यांचा जोड आणा. गोळ्यांच्या वेळा लिहून द्या. कंपवाताच्या गोळीचा असर उतरत आला की हात चालत नाहीत, म्हणून येण्याची वेळ त्यावरून ठरवू. गिळायला त्रास, मधुमेह किंवा पथ्य असेल तर आधी सांगा, नाहीतर खिरापतीच्या वेळी अडचण होते. ताप-खोकला असेल त्या बुधवारी घरीच राहू द्या. नेहमीच्या ग्राहकांना वर्गाचे वेगळे पैसे नाहीत, येण्याजाण्याची रिक्षा मात्र तुमची. मदतनीस पूर्ण वेळ सोबत थांबतात.

पहिल्या दिवशी कोणी काहीच केलं नाही, नुसतं बसून पाहिलं, तरी चालतं. एक आजोबा तीन बुधवार फक्त चहा पिऊन गेले. चौथ्या बुधवारी त्यांनी सुईत दोरा ओवून शेजारच्यांना दिला. यायचं असेल तर आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळपर्यंत, तुमच्या मदतनीसाकडे सांगून ठेवा. तेवढ्या खुर्च्या मांडून ठेवतो.